लाल दिवे घ्यावेत का? (रेड लाइट थेरपी आणि डिटॉक्स)

नीरजा_पुणे
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण नुसते केस गळण्याचे धागे सापडले.

विषय असा की माझी आई (वय ७१) ठाण्याला भावाकडे असते. तिचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) गेल्या वर्षापासून थोडं वाढलेलं आहे, शेवटचं १.७ होतं. पाय संध्याकाळी सुजतात, गुडघे तर कधीपासूनच दुखतात. आता वहिनीने रेड लाइट थेरपीचं पॅनेल, म्हणजे लाल एलईडी दिव्यांचा बोर्ड, आणलंय. आधी ती स्वतः एका वेलनेस सेंटरला जायची, दहा सेशनचं पॅकेज होतं, तिला तिथे सांगितलं की लाल प्रकाश पेशींमधले टॉक्सिन्स मोकळे करतो आणि ते लिम्फमधून (पेशींभोवतालचं पाणी नळ्यांतून वाहतं ते) बाहेर पडतात. मग तिने अठरा हजारांचं पॅनेलच घेतलं आणि आता रोज आईला वीस मिनिटं त्याच्यासमोर बसवते, वर तीन लिटर पाणी प्यायला लावते, म्हणजे "सुटलेले" टॉक्सिन वाहून जातील.

वहिनी मनापासून करते हो. आईचं सगळं तीच बघते, मी पुण्यात बसून फोनवर काळजी करणारी, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नाही. पण आता भाऊ म्हणतोय की किडनीच्या डॉक्टरांची या महिन्याची तारीख पुढे ढकलू, आधी याचा गुण बघू. तिथे माझ्या पोटात गोळा आला.

तर प्रश्न एकच, लाल दिव्याने शरीर खरंच डिटॉक्स होतं का? कुणी वापरलंय का? कृपया टिंगल नको (थोडी चालेल).

टवाळ_पोर
दिवे घ्या हो ताई. लाल असतील तर लालच घ्या.

शंकासुर
नाही. पुढचा प्रश्न?

टवाळ_पोर
२०१७ च्या १ मेपर्यंत आपल्या सगळ्या मंत्र्यांच्या गाडीवर लाल दिवा होता. किती डिटॉक्स झालं ते आपण बघितलंय.

सिंहगड_रोडवाली
मी रोज राजाराम पुलाच्या सिग्नलला लाल दिव्यासमोर वीस मिनिटं असते. मनातलं विष वाढलंय फक्त.

गुडघेदुखे_काका
टिंगल करणाऱ्यांनी आधी वापरून बघावं मग बोलावं. मी गेले चार महिने गुडघ्यांवर लावतोय. जिने चढताना आधी कठड्याला धरून चढायचो, आता बऱ्यापैकी चढतो. चेहऱ्यावर पण तजेला आलाय असं सौ. म्हणते, आणि ती उगाच काही बोलणाऱ्यातली नाही. डिटॉक्सचं मला माहीत नाही पण थोतांड थोतांड म्हणून सगळंच उडवून लावायची एक फॅशन झालीय इथे.

शंकासुर
काका, प्रश्न डिटॉक्सचा आहे. गुडघ्याचा नाही.

गुडघेदुखे_काका
मग गुडघ्यात काय टॉक्सिन नसतात का?

फिजिओ_मानसी
काकांचं अगदीच चूक नाही, म्हणून थोडं लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्याकडे लेझर (आम्ही लो लेव्हल लेझर म्हणतो) बऱ्याच वर्षांपासून आहे, आजकाल त्याला फोटोबायोमॉड्युलेशन असं भारदस्त नाव आहे. दुखण्यावर काही लोकांना आराम पडतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. अभ्यासही उलटसुलट आहेत कारण प्रत्येकाने डोस वेगळा वापरलाय. आणि याच्यात गंमत अशी की कमी डोसने काही होत नाही, मध्यम डोसने होतं, आणि जास्त दिला तर परिणाम पुन्हा घटतो. त्यामुळे "वीस मिनिटं बसा" याला काही अर्थ नाही जोवर ते पॅनेल किती अंतरावरून किती ताकदीचा प्रकाश देतंय हे माहीत नसेल.

सगळ्यात भक्कम पुरावा कुठे आहे सांगू? कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटतं ना, रेडिएशन नाहीतर केमोने, ते टाळायला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये त्याची शिफारस आहे. ते लोक डिटॉक्सचं नाव पण काढत नाहीत.

आणि लिम्फबद्दल. लिम्फला हृदयासारखा पंप नसतो, ते मुख्यतः स्नायूंच्या हालचालीने, श्वासाने आणि त्या नळ्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने पुढे सरकतं. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो त्याच्यावर लेझर वापरलंय आणि थोडाफार फायदा दिसलाय, बहुतेक तिथूनच या सेंटरवाल्यांनी "लिम्फ" शब्द उचललाय. पण तिथे नळ्याच काढलेल्या किंवा खराब झालेल्या असतात. संध्याकाळी दोन्ही पायांना येणारी सूज ही वेगळीच गोष्ट आहे, त्याचं कारण शोधायला पाहिजे, प्रकाश मारायला नाही.

अंधारखोली
आमचा नारायण पेठेत फोटो स्टुडिओ होता. पंचवीस वर्षं डार्करूममध्ये लाल बल्बखाली उभा राहून प्रिंट काढल्या, दिवसाला सात-आठ तास. या हिशोबाने मी आतापर्यंत गंगाजलासारखा शुद्ध व्हायला हवा होतो. मूतखडा झाला दोनदा.

सिंहगड_रोडवाली
काका _/\_ हसून हसून पुरेवाट

दिवाबत्ती
अंधारखोली काका, तुमचा बल्ब मिणमिणता होता, म्हणून नाही झाला डिटॉक्स :)

मी एलईडी क्षेत्रात आहे (रस्त्यावरचे दिवे, शेतातले दिवे, सगळं) म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. ही पॅनेल साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा (प्रकाशाच्या लहरीची लांबी, तिच्यावर रंग ठरतो) लाल आणि ८१० ते ८५० चा न दिसणारा इन्फ्रारेड अशी मिळून असतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऑक्सिमीटर घेतला ना? तो बोटात जो लाल प्रकाश सोडतो तो ६६० चाच. म्हणजे घरोघरी रेड लाइट थेरपी छोट्याशा डबीत आलीच होती, हे गमतीत. ताकद फार कमी असते त्याची.

रात्री मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा, हात लाल दिसतो. कारण रक्त निळा आणि हिरवा शोषून घेतं, लाल त्यातल्या त्यात निसटून पलीकडे येतो. हेच बघून लोकांना वाटतं लाल प्रकाश आरपार जातो. अहो बोट एक सेंटिमीटर जाडीचं. पोटावर कातडी, तिच्याखाली चरबी (माझ्याकडे मुबलक), मग स्नायू, बरगड्या, मग लिव्हर. किडनी तर पाठीमागे त्याहून आत. बहुतेक प्रकाश पहिल्या काही मिलिमीटरमध्येच विखरून संपतो. तिथपर्यंत पोचतो तो नावापुरता.

आणखी एक गोंधळ. लोक इन्फ्रारेड सॉना आणि हे एकच समजतात. सॉना गरम असतो, घाम निघतो. एलईडी पॅनेलने घाम बिम काही येत नाही, आला तर फॅन लावा.

आजीचा_बटवा
पण घामातून तर टॉक्सिन जातात ना? आमची आजी ताप आला की गोधडीत गुंडाळून घाम काढायची.

टवाळ_पोर
मे महिन्यात सकाळी ८:२० ची डोंबिवली फास्ट पकडा. पूर्ण डब्याचं डिटॉक्स, पास तेवढा काढा.

कोकणातला_डॉक्टर
घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी आणि मीठ, शरीर थंड करायची सोय आहे ती. नको असलेले पदार्थ त्यातून जातात ते चिमूटभर. आजीच्या गोधडीने ताप उतरत नव्हता, ताप उतरायला लागला की घाम येतो, क्रम उलटा आहे.

नीरजाताई, टिंगल बाजूला ठेवून तुम्हाला उत्तर देतो. "डिटॉक्स" शब्द ऐकला की मी समोरच्याला तीनच गोष्टी विचारतो. कुठलं विष? ते कुठल्या वाटेने बाहेर जाणार? गेलं हे मोजणार कसं? या तिन्हीची उत्तरं असतील तर त्याला आम्हीही डिटॉक्सच म्हणतो, फक्त तो शब्द वापरत नाही. डायलिसिसमध्ये युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम कमी होतं, आधी-नंतर मोजता येतं. शिसं अंगात गेलं असेल तर त्याला बांधून लघवीवाटे काढणारी औषधं आहेत, रक्तातलं शिसं मोजता येतं. सापाचं विष असेल तर प्रतिविष. आमच्या कोकणात लाल विंचवाने लोक पटापट जायचे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते मरण किती कमी केलं हे जगाला माहीत आहे, पण बघा, तिथे तर विष बाहेरसुद्धा काढलं नाही, विषाने हृदयावर जे काही होतं तेवढं थोपवलं. "विष काढणे" हीच एक वाट असते असंही नाही.

आता लाल दिवा. कुठलं टॉक्सिन? नाव सांगत नाहीत. वाट? "लिम्फ". बरं, लिम्फ शेवटी जातं कुठे? परत रक्तातच. आणि रक्त साफ करणार कोण, तर लिव्हर आणि किडनी, म्हणजे फिरून गाडी त्याच स्टेशनवर. लिव्हर अमोनियाचा युरिया करतं, औषधं मोडून पाण्यात विरघळतील अशी करतं, आणि किडन्या दिवसाला रक्तातून १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून सोडतात. हे सगळं बिनपॅकेजचं.

पण तीन लिटर पाणी हे लगेच थांबवा म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. क्रिएटिनिन वाढलेलं, पाय सुजतात, अशा बाईला किती पाणी द्यायचं हे ठरवून द्यावं लागतं. दिव्यापेक्षा मला त्या पाण्याची जास्त भीती वाटते. आणि तारीख पुढे ढकलू नका.

एक विचारायचं राहिलं. आई गुडघ्यासाठी गोळ्या घेतात का? कुठल्या?

नीरजा_पुणे
डॉक्टर खूप आभार. पाण्याचं लगेच फोन करून सांगितलं, वहिनी थोडी हिरमुसली पण ऐकलं. गोळ्यांचं विचारून सांगते, आई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते एवढं माहीत आहे.

जुई_आई
माझं थोडं वेगळं. माझा मुलगा झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी कावीळ निघाली, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) १७, त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या लंगोटात दोन दिवस लाइटखाली ठेवलं होतं. मी काचेबाहेर बसून रडत होते. मग ते प्रकाशाने विष काढणंच झालं ना? तो लाइट चालतो तर हा का नाही?

कोकणातला_डॉक्टर
जुई, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. हो, ते खरंखुरं प्रकाशाने केलेलं डिटॉक्स आहे. पण तो लाइट कुठल्या रंगाचा होता आठवतंय?

जुई_आई
निळा!

कोकणातला_डॉक्टर
बरोबर. ४६० ते ४९० नॅनोमीटर. बिलिरुबिन पिवळं असतं कारण ते निळा प्रकाश शोषतं. तो शोषला की रेणूचा आकार बदलतो आणि जो पदार्थ आधी पाण्यात विरघळत नव्हता तो विरघळायला लागतो, मग लिव्हरच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातो. बाळाची कातडी पातळ, बिलिरुबिन कातडीतच साठलेलं, त्यामुळे प्रकाश पोचतो. विषाचं नाव माहीत, वाट माहीत, दर काही तासांनी रक्त तपासून मोजता येतं. लाल प्रकाश मात्र बिलिरुबिनकडून शोषलाच जात नाही म्हटलं तरी चालेल.

याचा शोध कसा लागला ते फार छान आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड नावाची परिचारिका होती, तिला वाटायचं बाळांना कोंदट वॉर्डपेक्षा उन्हाची हवा बरी, म्हणून ती त्यांना अंगणात न्यायची. एका बाळाचं अंग फिकट झालं होतं पण जिथे दुपट्याचा कोपरा पडला होता तेवढा तुकडा पिवळाच राहिलेला, ते तिने डॉक्टरांना दाखवलं. त्यानंतर काही दिवसांनी काविळीच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली तर तिच्यातलं बिलिरुबिन उतरलेलं निघालं. १९५८ ला तिथल्या डॉक्टरांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. दुपट्याखालचा त्रिकोण बघणारी ती सिस्टर नसती तर किती बाळं गेली असती कोण जाणे.

जुई_आई
अंगावर काटा आला. सासूबाई बाळाला कोवळ्या उन्हात न्यायच्या त्यावर मी किती चिडायचे.

कोकणातला_डॉक्टर
सासूबाई थोड्या बरोबर होत्या. पण १७ ला ऊन पुरत नाही, तिथे लाइटच लागतो.

टवाळ_पोर
झालं, आता वहिनी निळं मशीन आणणार.

कोकणातला_डॉक्टर
नको! मोठ्या माणसाला कावीळ झाली तर कारण वेगळं असतं, तिथे दिवा नाही, तपासणी.

न्यूजर्सीकर_अमोल
इकडे तर कहर आहे. आमच्या जिमच्या वरच्या प्लॅनमध्ये लाल दिव्यांचं बूथ फुकट आहे, म्हणजे फुकट नाहीच, त्याच्यासाठीच वरचा प्लॅन घेतात लोक. दारावर ठळक "एफडीए क्लिअर्ड" (एफडीए म्हणजे इकडचं औषधं आणि उपकरणं तपासणारं सरकारी खातं). मी आधी खूश झालो. मग कळलं क्लिअर्ड आणि अप्रूव्ड यात फरक आहे. क्लिअर्ड म्हणजे बाजारात आधीच असलेल्या उपकरणासारखंच हे आहे, तेवढंच सुरक्षित आणि तेवढंच उपयोगी, असं कागदावर दाखवलं की मिळतं, आणि तेही ठरावीक कामापुरतं, म्हणजे सुरकुत्या, सांध्यांच्या दुखण्यात तात्पुरता आराम, केस. लेझरचा कंगवा २००७ मध्ये असाच क्लिअर झाला. डिटॉक्ससाठी क्लिअर झालंय असं एकही मशीन मला तरी सापडलं नाही. पण दारावर आधी ते शब्द आणि खाली पोस्टरवर डिटॉक्स, वाचणारा आपोआप जोडून घेतो.

टकलू_हैवान
केस म्हणालात? थांबा थांबा. केसांचं सविस्तर लिहा.

शंकासुर
केसांवरूनच सगळं सुरू झालं खरं तर. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर लेझरने उंदरांच्या गाठी जळतात का बघत होते. त्यांच्या लेझरची ताकद कमी पडली, गाठींना काही झालं नाही, पण भादरलेल्या उंदरांचे केस लेझर मारलेल्या ठिकाणी भराभर उगवले. अपघाताने सापडलेली गोष्ट आहे आणि म्हणूनच मला ती खरी वाटते. मी काही प्रकाशाचा शत्रू नाही. कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नील्स फिनसेनना १९०३ चं नोबेल मिळालं. तेच फिनसेन देवीच्या रोग्यांना लाल काचांच्या खोलीत ठेवा म्हणायचे, का, तर लाल प्रकाश बरं करतो म्हणून नव्हे, बाकीचे किरण व्रण वाढवतात म्हणून ते अडवायला. आता लोक त्याचाही दाखला देतात, अर्धवट.

टकलू_हैवान
म्हणजे कंगवा घेऊ का नको?

न्यूजर्सीकर_अमोल
उंदीर असाल तर घ्या.

गुडघेदुखे_काका
बरं, आता माझं एक. २०२४ मध्ये लंडनला एक प्रयोग झाला, ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाठीवर पंधरा मिनिटं टाकला आणि मग ग्लुकोज प्यायला दिलं तर साखरेची चढ २७.७ टक्क्यांनी कमी आली. याला काय म्हणाल शंकासुर? नातवाने वाचून दाखवलं मला.

शंकासुर
काका, नातवाला शाबासकी द्या. प्रयोग खरा आहे. तीस निरोगी माणसं, पंधरांना प्रकाश आणि पंधरांना नाही. कल्पना अशी की पेशीतली मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा बनवून देणारे भाग) जास्त काम करतात आणि जास्त साखर जाळतात. चांगली सुरुवात आहे, पण तीस माणसांच्या प्रयोगावर विसंबून मी साखरेची गोळी बंद करणार नाही, तुम्हीही करू नका. आणि साखर हे टॉक्सिन नाही, ते इंधन आहे. इंधन जास्त जळालं याला टाकी धुतली म्हणत नाहीत.

गुडघेदुखे_काका
हे पटलं. पण "सुरुवात चांगली आहे" एवढं तुमच्या तोंडून काढलं हेही नसे थोडके.

वैद्य_अनघा
आयुर्वेदाच्या बाजूने दोन ओळी, कारण हे सेंटरवाले "मॉडर्न पंचकर्म" असंही लिहितात. वमन, विरेचन, बस्ती (उलटी, जुलाब, एनिमा) यांच्यात काहीतरी शरीराबाहेर प्रत्यक्ष निघतं, आणि त्याआधी रोग्याचं बळ, वय, ऋतू सगळं बघतात. सत्तरीच्या, सूज असलेल्या बाईला मी सरसकट असं शोधन (शरीरशुद्धी) देणार नाही. दिव्यासमोर बसण्याला पंचकर्म म्हणणं हा आमच्यावरही अन्याय आहे.

आजीचा_बटवा
आमच्याकडे महिन्यातून एकदा एरंडेल असायचं. रविवारी सकाळी. तो दिवस आठवला तरी डिटॉक्स होतो.

सिंहगड_रोडवाली
कॉफीत एरंडेल!! वडील नाक दाबून पाजायचे. अजून कॉफी पीत नाही मी.

दिवाबत्ती
विषय निघालाच आहे तर पाय बुडवायच्या टबाचं पण सांगतो. एका प्रदर्शनात स्टॉल होता, कोमट पाण्यात मीठ, त्यात पाय आणि एक यंत्र, पंधरा मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस, "बघा किती घाण निघाली". माझ्या बायकोचा चेहरा पडला, म्हणाली एवढी घाण आहे माझ्यात. मी घरी मोबाइल चार्जरची वायर कापून दोन खिळे मिठाच्या पाण्यात सोडले (तुम्ही घरी करू नका), पाय नाहीत काही नाहीत, पाणी तसंच तपकिरी. लोखंड गंजतं, बस. निदान त्या टबात दाखवायला पाणी तरी होतं, लाल दिव्यात तेही नाही.

पोल्ट्रीवाला
आमच्याकडं पिल्लांना ऊब द्यायला लाल दिवे असतात. पिल्लं झ्याक राहतात. डिटॉक्स झाली का म्हाईत नाय, ४० दिवसांनी त्यांचं जे व्हायचं ते व्हतंच. ताई ते मशीन विकायचं असेल तर सांगा.

दिवाबत्ती
दादा, एलईडी गरम होत नाही, पिल्लं गारठतील.

पोल्ट्रीवाला
मग काय कामाचं.

गॅलरीतला_शेतकरी
६६० चं असेल तर माझ्या कामाचं आहे! हरितद्रव्य नेमका तोच शोषतं, ग्रो लाइट म्हणून वेगळे पैसे मागतात. माझ्या उत्तरेकडच्या गॅलरीत कोथिंबीर उगवते आणि मान टाकते. मी मुलुंडला, ठाण्याहून घेऊन जाईन. नीरजाताई, निम्म्या किमतीत?

फिजिओ_मानसी
ज्यांच्याकडे आहे त्यांनी डोळ्यांकडे लक्ष द्या एवढं मधेच सांगते. चीनमध्ये मुलांच्या चष्म्याच्या नंबरासाठी लाल प्रकाशाची यंत्रं खूप वापरली, त्यात एका बारा वर्षांच्या मुलीच्या रेटिनाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) इजा झाल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. ती यंत्रं थेट डोळ्यात बघायची होती, घरचं पॅनेल वेगळं, तरी टक लावून बघू नका. आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी कातडी उजेडाला नाजूक होते, तेव्हा चालू औषधं डॉक्टरांना सांगून मगच काय ते.

नीरजा_पुणे
दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मधे ठाण्याला जाऊन आले. अपॉइंटमेंट पुढे ढकलू दिली नाही, मी स्वतः घेऊन गेले.

आता ऐका आणि मला सांगा मी हसू का रडू. क्रिएटिनिन १.४ आलंय. १.७ वरून १.४. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा आम्ही रिक्षात होतो, वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मला रिक्षातून उतरून चालत जावंसं वाटलं. भावाने फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट आणि पॅनेलचा फोटो शेजारी शेजारी टाकला. आत्याने तिथल्या तिथे ऑर्डर केलंय.

टवाळ_पोर
शंकासुर, पाणी पिऊन घ्या. तीन लिटर.

शंकासुर
थांबा. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं होतं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

नीरजा_पुणे
तेच लिहितेय. किडनीच्या डॉक्टरांनी पण तेच विचारलं, दुखण्याची गोळी कुठली. आईने पर्समधून रिकामी पाकिटं काढली, डायक्लोफिनॅक. दिवसाला दोन, कधी तीन, दोन वर्षं!! आम्हाला कुणालाच माहीत नाही. आणि मग ती म्हणाली, "पण आता महिना झाला बंद केल्यात, दिव्याने गुडघे बरे आहेत ना."

कोकणातला_डॉक्टर
तर कोडं सुटलं. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, वयस्कर माणसात आणि रोज घेतल्या की जास्तच. सूजही वाढवतात. थांबवल्यावर काही जणांचं क्रिएटिनिन खाली येतं, सगळ्यांचं नाही, आईंचं आलं हे नशीब. आमच्या ओपीडीत क्रिएटिनिन वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची पिशवी उलटी केली की निम्म्या वेळा हीच पाकिटं पडतात. विष शोधत होतो ते पर्समध्ये होतं.

गुडघेदुखे_काका
म्हणजे दिव्यामुळेच झालं की! दिव्याने गुडघा थांबला, गुडघा थांबला म्हणून गोळी थांबली, गोळी थांबली म्हणून किडनी सुधारली. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?

शंकासुर
तुम्ही म्हणत होतात गुडघ्यात टॉक्सिन असतात.

गुडघेदुखे_काका
तपशील सोडा.

शंकासुर
काका, दिव्याने गुडघा थांबला का रोज वीस मिनिटं सून शेजारी बसते म्हणून थांबला का थंडी सरली म्हणून, हे एका माणसावरून सांगता येत नाही. पण गोळी सुटायला दिवा कारणीभूत झाला हे मी मान्य करतो. नाइलाजाने. डिटॉक्स मात्र गोळी न खाल्ल्याने झालं, ते वहिनींना कुणीतरी सांगा नाहीतर पुढच्या थंडीत गुडघे दुखले की पर्स पुन्हा भरेल.

फिजिओ_मानसी
हेच लिहिणार होते. आता मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, दिव्यासमोर बसलेलंच असतात तेव्हाच होईल.

नीरजा_पुणे
वहिनीशी बोलले. दिवा चुकीचा असं म्हटलंच नाही, म्हटलं तुझ्यामुळे गोळ्या सुटल्या, डॉक्टर म्हणतात तेच खरं औषध झालं. तिचा चेहरा जरा मोकळा झाला. पर्स आता ती तपासते, आईला ते अजिबात आवडलेलं नाही. आत्याची ऑर्डर रद्द करायला गेले तर म्हणे रिटर्न पॉलिसी नाही.

गॅलरीतले शेतकरी, सॉरी, मशीन विकायचं नाही, आई सोडत नाही. आत्याचं घ्या हवं तर, पण ती नाशिकला असते.

गॅलरीतला_शेतकरी
नाशिक लांब पडतं हो. आईंच्या शेजारी कोथिंबिरीची एक कुंडी ठेवा, माझ्या वतीने. प्रयोग तरी होईल.

दिवाबत्ती
वीस मिनिटांनी कोथिंबिरीला काही होणार नाही, रोपाला बारा-चौदा तास लागतात.

नीरजा_पुणे
उशिरा सांगितलंत. वहिनीने दोन कुंड्या आणल्यात.